लहान पिस्तुलांची विश्वसनीयता चाचणी व निगा

लहान पिस्तुलांची विश्वसनीयता चाचणी म्हणजे कपड्यांखाली बाळगता येईल असे आखूड नळीचे पिस्तूल चाप ओढल्यावर प्रत्येक वेळी गोळी झाडते की नाही, आणि एक गोळी झाडल्यावर दुसरीसाठी आपोआप सज्ज होते की नाही, याची पद्धतशीर पारख होय. ही पारख एकदा झाली की तिचा निकाल टिकवून ठेवण्याचे काम निगेचे असते. सैन्य व पोलीस दलांत हे काम प्रशिक्षित शस्त्रकारागीर (आर्मोरर) करतात. भारतातील खासगी परवानाधारकापुढे मात्र एक वेगळीच अडचण असते: चाचणीसाठी जितकी काडतुसे लागतात तितकी त्याला मिळत नाहीत, आणि ती झाडण्यासाठी जागाही सहजी मिळत नाही. या लेखात विषयाचे सामान्य विवेचन असून उदाहरणादाखल पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांतील परिस्थिती घेतली आहे.

संज्ञा

पिस्तूल आणि काडतूस हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगीजांच्या संपर्कातून आले असे मानले जाते. वृत्तपत्रांत पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. यंत्ररचनेच्या दृष्टीने ती दोन भिन्न शस्त्रे आहेत. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या दंडगोलात असतात, तर स्वयंभरण पिस्तुलात ती मुठीत बसणाऱ्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात. बोटाने ओढला जातो तो चाप. मागून आपटतो तो घोडा. 'घोडा दाबला' हा प्रयोग बातम्यांत रूढ झाला असला तरी दाबला जातो तो चापच. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाची टोपी (प्राइमर), आतील दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे, कारण बिघाडाचे मूळ यांपैकी नेमके कशात आहे हे ओळखणे म्हणजेच निम्मी चाचणी होय.

कायदेशीर चौकट

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार अग्निशस्त्र बाळगण्यास परवाना आवश्यक असतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या ३ वरून २ वर आणली आणि परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे केली. शिरूर व दौंड हे तालुके पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतात. तेथील अर्जदारास परवाना पुण्याचे जिल्हाधिकारी जिल्हादंडाधिकारी या नात्याने देतात. शहरात हाच अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. ९ मिमी पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडत असल्याने सर्वसामान्य परवानाधारकाकडे बहुधा .३२ बोअरचे पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर दिसते.

शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते म्यानात (होल्स्टर) किंवा तशाच आवरणात, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. ते मिरवणे किंवा झाडणे निषिद्ध आहे. पाश्चात्त्य देशांत 'लपवून बाळगणे' हा स्वतंत्र परवान्याचा विषय असतो. आपल्याकडे मात्र झाकून बाळगणे हीच नियमाची अपेक्षा आहे. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

अधिनियमाच्या कलम ५ मध्ये शस्त्रे बनवणे व विकणे यांच्या जोडीला ती दुरुस्त करणे, तपासणे आणि सिद्ध करणे यांसाठीही परवाना सांगितला आहे. म्हणून पुढे वर्णिलेली तपासणी ही मालकाने आपल्या शस्त्राची घ्यावयाची काळजी आहे. सुटे भाग घासणे, स्प्रिंग कापणे किंवा चाप हलका करणे ही कामे परवानाधारक शस्त्रविक्रेता-कारागिराचीच असतात. नळी आखूड करणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे.

लहान आकाराची किंमत

.३२ एसीपी (७.६५ मिमी) हे काडतूस जॉन ब्राउनिंग यांनी बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी १८९९ मध्ये आणले आणि खिशात मावणाऱ्या पिस्तुलांचे युग सुरू झाले. महाराष्ट्राच्या इतिहासात या पिस्तुलांचा प्रवेश लवकरच झाला. लंडनहून विनायक दामोदर सावरकरांनी पाठवलेली २० ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांनी पेटीच्या चोरकप्प्यातून भारतात आणली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेले पिस्तूल त्यांपैकीच होते. इतकी शस्त्रे पेटीच्या तळाशी दडू शकली ती त्यांच्या आकारामुळेच.

परंतु आकार लहान केला की यंत्राला काही गोष्टी गमवाव्या लागतात. या वर्गातील बहुतेक पिस्तुले 'ब्लोबॅक' तत्त्वावर चालतात. त्यांत नळी आणि वरची सरकती पेटी (स्लाइड) यांना जोडणारे कुलूप नसते. दारूच्या वायूचा दाब पुंगळीला मागे ढकलतो, पुंगळी स्लाइडला ढकलते, आणि तिचे वजन व स्प्रिंगचा जोर मिळून तिला क्षणभर थोपवतात. तेवढ्यात गोळी नळीबाहेर पडते. मोठ्या पिस्तुलात स्लाइड जड असते आणि तिला मागे जाण्यास अंतरही भरपूर असते. लहान पिस्तुलात स्लाइड हलकी म्हणून स्प्रिंग ताठ, अंतर कमी म्हणून वेग जास्त. स्लाइड मागे जाऊन परत येईपर्यंत मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचे काडतूस वर आणलेले असले पाहिजे, आणि त्यासाठी मिळणारा वेळ सेकंदाचा अगदी लहान अंश असतो. मनगट सैल धरल्यास संपूर्ण पिस्तूलच मागे सरकते, स्लाइडला टेकण्यास स्थिर आधार उरत नाही आणि तिची फेरी अपुरी राहते. म्हणजे एकाच्या हातात निर्दोष चालणारे पिस्तूल दुसऱ्याच्या हातात अडकू शकते, आणि दोष दरवेळी शस्त्राचाच असतो असे नाही.

.३२ एसीपी काडतुसाची एक खोड जाणून घेण्यासारखी आहे. त्याच्या बुडाची कड पुंगळीच्या अंगापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर ती दोन्ही एकमेकांत अडकतात आणि वरचे काडतूस पुढे सरकतच नाही. गोळी आखूड असलेल्या काडतुसांत हा धोका वाढतो, कारण मॅगझिनमध्ये मागेपुढे हलण्यास जागा उरते. भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्याच्या पुढे आहे हे पाहणे एवढाच यावर उपाय आहे. तो फुकटचा आहे, तरी पुष्कळदा राहून जातो.

आयुध निर्माणींनी नागरी परवानाधारकांसाठी 'अशनी' हे .३२ पिस्तूल आणि अनेक रिव्हॉल्व्हरे बनवली. २०१४ मध्ये कानपूरहून आलेले सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे 'निर्भीक' हे त्यांतलेच. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळाचे ७ कंपन्यांत रूपांतर झाल्यावर दारूगोळ्याचे काम म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे गेले आणि तिचे मुख्यालय पुण्यात आहे. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. ७.६५ मिमी काडतुसांच्या बुडावर दिसणारी 'केएफ' ही रोमन अक्षरे खडकीच्या जुन्या इंग्रजी नावावरून आली आहेत. शिरूर किंवा दौंडच्या परवानाधारकाच्या कपाटातले काडतूस अशा रीतीने त्याच्याच जिल्ह्यात बनलेले असू शकते.

सिद्धता चाचणी आणि विश्वसनीयता चाचणी

या दोहोंत नेहमी गोंधळ होतो. सिद्धता चाचणीत नव्या शस्त्रातून मुद्दाम जास्त दाबाचे काडतूस झाडले जाते. युरोपीय पद्धतीत पिस्तुलांसाठी हा दाब नेहमीच्या कमाल दाबापेक्षा सुमारे ३० टक्के अधिक असतो. नळी आणि चेंबर तडकले वा फुगले नाहीत तर शस्त्रावर शिक्का उमटतो. लंडनच्या तोफकार-बंदूककारांच्या संघास १६३७ मध्ये सनद मिळाली, तेव्हापासून ही परंपरा चालत आली आहे. शिक्का इतकेच सांगतो की हे शस्त्र धरणाऱ्याच्या हातात फुटणार नाही. ते दर वेळी उडेल अशी ग्वाही त्यात नसते.

गावठी कट्ट्यांना ही पहिली परीक्षाही दिलेली नसते. पुणे ग्रामीण पोलिसांच्या कारवायांत पकडल्या जाणाऱ्या अशा शस्त्रांची नळी कोणत्या पोलादाची आहे, तिने किती दाब सोसला, हे कोणीच सांगू शकत नाही. ज्याच्यावर रोखले जाते त्याच्याइतकाच धोका ते धरणाऱ्यालाही असतो.

विश्वसनीयता चाचणीचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतील आहे. मार्च १९११ मध्ये कोल्टच्या .४५ पिस्तुलातून सलग ६,००० गोळ्या झाडण्यात आल्या. पिस्तूल तापले की ते पाण्यात बुडवून थंड केले जाई. त्याने एकदाही दगा दिला नाही आणि लष्कराने ते स्वीकारले. दौंड येथे राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत व जवळच नानवीज येथे प्रशिक्षण केंद्र आहे. अशा दलांकडे शस्त्रागार, कारागीर आणि गोळीबार मैदान असते. त्याच गावातील खासगी परवानाधारकाकडे यांतले काही नसते.

किती गोळ्या झाडल्या म्हणजे पुरे?

संख्याशास्त्रात 'तीनचा नियम' म्हणून एक सोपा ठोकताळा आहे. काही चाचण्यांत एकही अपयश आले नाही, तर ३ ला चाचण्यांच्या संख्येने भागावे. अपयशाचे खरे प्रमाण त्यापेक्षा जास्त नाही असे ९५ टक्के विश्वासाने म्हणता येते. पिस्तुलातून ५० गोळ्या विनाअडथळा सुटल्या तर आपण इतकेच म्हणू शकतो की बिघाडाचे प्रमाण ६ टक्क्यांच्या आत आहे. २०० गोळ्यांनंतर हा आकडा दीड टक्क्यावर येतो, ३०० नंतर १ टक्क्यावर.

६ टक्के हा आकडा दिसतो तितका लहान नाही. ७ काडतुसांच्या मॅगझिनमध्ये प्रत्येक गोळीला ६ टक्के बिघाडाची शक्यता धरली, तर सातही गोळ्या सुरळीत सुटण्याची शक्यता सुमारे ६५ टक्केच उरते. १ टक्का धरली तर ती ९३ टक्के होते. (येथे प्रत्येक गोळीचा निकाल स्वतंत्र मानला आहे. प्रत्यक्षात एखादे वाकलेले मॅगझिन सगळे बिघाड आपल्याकडेच ओढून घेते, म्हणून प्रत्येक मॅगझिनवर क्रमांक घालून त्याची नोंद वेगळी ठेवावी लागते.)

आता परवान्याकडे पाहू. एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसे घेता येतील, हे परवान्यावर लिहिलेले असते. समजा ही मर्यादा वर्षाला ५० आहे. मग १ टक्क्याची खात्री करण्यास ६ वर्षे लागतील, आणि तोवर संरक्षणासाठी एकही काडतूस शिल्लक राहणार नाही. शिवाय झाडावयाचे कोठे? शेताच्या बांधावर 'एक-दोन उडवून पाहणे' बेकायदेशीर तर आहेच, पण .३२ ची गोळी एक किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते आणि उसाचे पान तिला अडवत नाही. पुण्यातील बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात नेमबाजीचे मैदान आहे, परंतु त्याचा हेतू क्रीडा हा आहे. थोडक्यात, परदेशी पुस्तकांतला 'आधी ५०० गोळ्या झाडा, मगच विश्वास ठेवा' हा सल्ला येथे पाळता येत नाही. झाडून मिळणारी खात्री जितकी कमी, तितका डोळ्यांनी व हातांनी केलेल्या तपासणीवर भार जास्त पडतो.

न झाडता करावयाची तपासणी

पहिली पायरी शस्त्र रिकामे करण्याची. क्रम असा: आधी मॅगझिन काढावे, नंतर स्लाइड मागे ओढून चेंबरमधील काडतूस बाहेर टाकावे, चेंबर डोळ्यांनी पाहावे आणि बोटाने चाचपावे. हा क्रम उलटला, तर स्लाइड परत जाताना मॅगझिनमधले वरचे काडतूस चेंबरमध्ये ढकलते, आणि नंतर मॅगझिन काढणाऱ्याला शस्त्र रिकामे झाल्यासारखे वाटते. घरात सफाई करताना 'चुकून' सुटणाऱ्या गोळीमागे हा उलटा क्रम असू शकतो. जिवंत काडतुसे या वेळी त्या खोलीतही असू नयेत.

यानंतर उपयोगी पडतात ती खोटी काडतुसे. त्यांत दारू नसते आणि टोपीच्या जागी मऊ पदार्थ असतो. ती मॅगझिनमध्ये भरून स्लाइड हाताने पूर्ण मागे ओढून सोडली म्हणजे काडतूस चढते का, आकडा (एक्स्ट्रॅक्टर) पुंगळीची कड पकडतो का, ती बाहेर फेकली जाते का, हे पाहता येते. हाताचा वेग हा दारूचा वेग नव्हे, ही मर्यादा लक्षात ठेवावी. तरी बोथट आकडा, वाकलेले मॅगझिनचे ओठ आणि थकलेली स्प्रिंग या तीन गोष्टी अशा परीक्षेत बहुधा उघड्या पडतात. स्प्रिंगची लांबी नव्या स्प्रिंगशी ताडून पाहता आली तर उत्तम. मॅगझिन भरून ठेवल्याने स्प्रिंग मरते हा समज सर्वत्र आढळतो; चांगल्या पोलादाची स्प्रिंग स्थिर दाबापेक्षा वारंवार दबण्या-सुटण्याने अधिक झिजते.

काडतुसांची पाहणीही तितकीच आवश्यक आहे. हिरवट पडलेले पितळ, आत बसलेली किंवा वर आलेली टोपी, हलणारी गोळी, चरा पडलेली पुंगळी अशी काडतुसे बाजूला काढून शस्त्रविक्रेत्यास दाखवावीत. एक दोष मात्र पटकन दिसत नाही. रोज रात्री पिस्तूल रिकामे करून सकाळी तेच काडतूस पुन्हा चढवणाऱ्याच्या हातून ते काडतूस प्रत्येक वेळी चढणीवर आपटते आणि गोळी हळूहळू पुंगळीत मागे ढकलली जाते. आतील जागा कमी झाली की दाब धोकादायक वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभे करून लांबी ताडून पाहणे हा यावरचा सोपा उपाय होय.

बिघाडाची लक्षणे

चाप ओढला आणि नुसता 'टक्' आवाज आला, तर पिस्तूल सुरक्षित दिशेला रोखून किमान अर्धा मिनिट थांबावे, कारण टोपी उशिरा पेटू शकते. मग काडतूस काढून टोपीवरील खड्डा पाहावा. खड्डा खोल असेल तर दोष काडतुसाचा. उथळ असेल तर फायरिंग पिनच्या वाटेत मळ आहे किंवा तिची स्प्रिंग दुबळी आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये चाप पुन्हा ओढला की पुढचे काडतूस समोर येते. दुर्लक्षित शस्त्र म्हणून पाहिल्यास त्याची ही मोठी सोय आहे, आणि वर्षातून एकदाही सराव न करणाऱ्याने पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर का निवडावे याचे उत्तरही हेच.

पुंगळी बाहेर पडताना स्लाइडमध्ये उभी अडकली, तर आकडा, मळ किंवा सैल मनगट यांचा संशय घ्यावा. सर्वांत घातक लक्षण मात्र सौम्य असते: आवाज नेहमीपेक्षा दबका आणि हाताला धक्का कमी. अशा वेळी दारू अपुरी पेटून गोळी नळीतच अडकलेली असू शकते. त्यामागून दुसरी झाडल्यास नळी फुटते. नळी तपासल्याखेरीज पुढची गोळी झाडू नये.

निगा

झाडल्यानंतर शक्यतो त्याच दिवशी नळी साफ करावी. ब्रश आणि चिंधी चेंबरकडून तोंडाकडे न्यावी, म्हणजे मळ यंत्रात पडत नाही. रॉकेलने मळ सुटतो, पण ते उडून गेल्यावर धातूवर संरक्षक थर उरत नाही. म्हणून ते पुसून हलक्या खनिज तेलाचा पातळ हात द्यावा लागतो. शिवणयंत्राचे तेल यासाठी चालते. खोबरेल मात्र टाळावे. ते सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली थिजते आणि कालांतराने चिकट होते. डिसेंबरच्या पहाटे थिजलेल्या खोबरेलात रुतलेली फायरिंग पिन टोपीवर पुरेशी आपटत नाही. तेल जास्त झाले तरी नुकसानच, कारण ते धूळ धरून ठेवते. काडतुसांना तेल मुळीच लावू नये, ते टोपीत झिरपून तिला निकामी करू शकते.

झाकून बाळगलेल्या शस्त्राचे दोन खास शत्रू असतात: घाम आणि कपड्यांचे तंतू. घामातील क्षाराने पट्ट्याजवळची बाजू काही दिवसांत तांबारते. सुती बंडीचे तंतू नळीच्या तोंडात, घोड्याभोवती व मॅगझिनमध्ये साठतात. न झाडलेले पिस्तूलही म्हणून महिन्यातून एकदा उघडून पुसावे लागते. चामड्याचे म्यान ओल धरते. शस्त्र त्यात घालून कपाटात ठेवू नये.

शिरूर आणि दौंड

घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमाकाठचे दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतात. पाऊस साधारण ४०० ते ६०० मिलिमीटर. मावळ-मुळशीच्या मानाने येथे गंजाचा प्रश्न सौम्य असला तरी धुळीचा मोठा आहे. उसाच्या वाहतुकीने उडणारा फुफाटा, गुऱ्हाळांचा धूर व काजळी, रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींकडची अवजड वर्दळ यांमुळे हंगामात तेलकट शस्त्रावर बारीक कणांचा लेप बसतो. येथे तेल बेतानेच वापरणे हिताचे ठरते.

परवानाधारकाच्या शस्त्राची खरी कसोटी निवडणुकीच्या काळात लागते. आचारसंहिता लागू झाल्यावर जिल्हादंडाधिकारी व पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती ज्यांची शस्त्रे जमा करावयाची ती नावे ठरवते, आणि ती शस्त्रे पोलीस ठाण्यात ठेवली जातात. २०२४ मध्ये असे दोनदा घडले. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चपासून सुरू झाली आणि निकाल ४ जूनला लागला; विधानसभेची १५ ऑक्टोबरपासून सुरू झाली आणि निकाल २३ नोव्हेंबरला लागला. शिरूर तालुका शिरूर लोकसभा मतदारसंघात आणि दौंड बारामतीत येत असल्याने मतदानाचे दिवस वेगळे होते, पण शस्त्रे अडकून राहण्याचा काळ सारखाच. लोकसभेच्या वेळी उन्हाळाभर पडून राहिलेले शस्त्र ऐन पहिल्या पावसात परत मिळाले.

जमा करण्यापूर्वी शस्त्र साफ करून नेहमीपेक्षा किंचित जाड तेलाचा हात द्यावा, ते कोरड्या कापडात गुंडाळावे (चामड्यात नव्हे), आणि पावतीवर क्रमांक, मॅगझिनची संख्या व दृश्य स्थिती नोंदवून घ्यावी. परत घेताना पोलीस ठाण्यातच क्रमांक ताडून पाहावा. घरी आल्यावर नळीतून उजेड पाहावा, जुने तेल पूर्ण पुसून नवे द्यावे, खोट्या काडतुसांवर यंत्र पुन्हा तपासावे आणि त्यानंतरच मॅगझिन भरावे. नळीत जाड तेल तसेच राहू देऊन पहिली गोळी झाडली तर दाब वाढतो. म्हणून जमा करताना शस्त्राला बांधलेल्या चिठ्ठीवर 'नळीत तेल आहे' एवढे लिहून ठेवण्याची सवय चांगली.